कोणत्या विमानात कुठली सीट घ्यावी?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला जेट जातं, सिंधुदुर्गला पंख्यांचं एटीआर-72. आवाज दोन्हींत असतो, पण तो येतो वेगवेगळ्या ठिकाणांहून. सीट निवडताना हे कुणी सांगत नाही, सांगायला हवं.

उंचावर गेलेल्या जेटच्या केबिनमध्ये साधारण 80 ते 85 डेसिबल आवाज असतो. त्यातला मोठा वाटा ताशी 800 किलोमीटर वेगाने पत्र्याला घासत जाणाऱ्या हवेचा. पंखांच्या मागे बसलं की इंजिनाच्या झोताची त्यात भर पडते, म्हणून पुढच्या रांगा बऱ्या. एटीआरमध्ये गणित उलटं. तिथे पंखे पुढच्या भागाच्या दोन्ही अंगांना फिरतात. प्रत्येकाला 6 पाती, उंचावर मिनिटाला सुमारे 980 फेरे. म्हणजे सेकंदाला जवळपास 98 वेळा एकेक पातं केबिनजवळून जातं आणि दर वेळी भिंतीवर हवेच्या दाबाचा धक्का बसतो. हीच ती सलग घरघर. खिडकीला डोकं टेकवलं तर ती दातांपर्यंत जाणवते. या विमानात मागे बसावं. चढायचं दारही मागेच असतं.

विमानातला चहा कमी गोड का लागतो, याचंही एक कारण आवाजात आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या 2015 मधल्या प्रयोगात केबिनइतक्या गोंगाटात गोड चव फिकी पडली, टोमॅटोत असते तशी उमामी चव मात्र वाढली.

घरघरीची ध्वनिलहर साडेतीन मीटर लांब असते. अशा संथ लहरीला उलटी लहर जुळवणं सोपं जातं, म्हणून नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इथेच सर्वांत चांगलं काम करतात. भारतीय वंशाचे अमेरिकी अभियंते अमर बोस यांनी या हेडफोनचा विचार सुरू केला तो 1978 मध्ये, झुरिचहून बोस्टनला जाणाऱ्या विमानातच.

मला खरी काळजी वाटते ती साध्या इअरफोनची. दोन तासांच्या प्रवासात केबिनच्या आवाजाने सहसा कान बिघडत नाहीत. पण घरघरीवर मात करायला गाणं 10 डेसिबलने चढवलं, की कानात शिरणारी ध्वनीची ऊर्जा 10 पट होते. मुलं मोबाइलवर कार्टून बघताना नेमकं हेच करतात. विमान उतरल्यावरही आवाज तेवढाच ठेवतात. तो आईवडिलांनी तिथेच, सीटवरून उठण्याआधी कमी करावा.