पाठीचा ताठरपणा आणि उपचारांचा हिशेब

दिवसभर गादीवर किंवा काउंटरमागे बसणाऱ्या घरांत तरुण मुलाची पाठ दुखू लागली की दोष बैठकीला दिला जातो. शेक, मालिश, पट्टा आणि विश्रांती यांत वर्षे निघून जातात. परंतु पहाटे दुखण्याने जाग येत असेल, उठल्यावर अर्धा तास किंवा अधिक काळ पाठ आखडलेली राहत असेल आणि विश्रांतीऐवजी हालचालीनेच बरे वाटत असेल, तर तो ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ हा कण्याचा दाहक संधिवात असू शकतो. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. मुलीही त्याला अपवाद नाहीत. अशा वेळी संधिवाततज्ज्ञांना गाठावे. एकदा मणके जुळून आले की ते सोडवणारे औषध नाही.

उपचाराचा पाया म्हणजे रोजचा व्यायाम, आणि तो आयुष्यभराचा. त्याच्या जोडीला नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन किंवा एटोरिकॉक्सिब यांसारखी दाहशामक औषधे येतात. ‘वेदनाशामक गोळ्या कशाला?’ असे म्हणून वडीलधारी मंडळी ती बंद करवतात, ते योग्य नव्हे. या आजारात तोच पहिला उपचार आहे. मात्र पोट, मूत्रपिंड व रक्तदाब यांवर डॉक्टरांची नजर हवी. हातापायांच्या सांध्यांसाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट कण्यावर फारसे चालत नाही.

अशी दोन औषधे काही आठवडे घेऊनही आराम नसेल, तर ॲडॅलिम्युमॅब, सेक्युकिन्युमॅब यांसारख्या जैविक इंजेक्शनांचा विचार होतो. त्याआधी सुप्त क्षयरोगाची व कावीळ ‘ब’ची तपासणी करावी लागते. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण पाहता ही केवळ औपचारिकता मानू नये.

खरा प्रश्न खर्चाचा. ॲडॅलिम्युमॅब साधारणपणे दर पंधरवड्याला ४० मिलिग्रॅम घ्यावे लागते, आणि चार डोस घेऊन थांबल्यास दुखणे बहुधा परतते. २०१४ च्या डिसेंबरात झायडस कॅडिलाने त्याची भारतीय समरूप आवृत्ती मूळ औषधाच्या सुमारे एक पंचमांश किमतीत आणली. त्यामुळे मध्यमवर्गीयांना हा उपचार विचारात घेता येऊ लागला. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांत इंजेक्शनने देण्याच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी उपचारांचा समावेश आहे. तथापि पॉलिसीत रकमेची मर्यादा असू शकते, आणि घरी टोचून घेतलेला डोस अनेकदा दाव्यात बसत नाही. पहिल्या इंजेक्शनापूर्वीच विमा कंपनीकडून याचे उत्तर लेखी घ्यावे.