कर्तकमार्गाची रचना : एका साध्या मिलिंगकामाच्या आधारे विवेचन

भंडारा जिल्ह्यातील वरठी हे गाव मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानकामुळे प्रवाशांस परिचित आहे, आणि १९८४ साली स्थापन झालेल्या सनफ्लॅग कंपनीच्या पोलाद कारखान्यामुळे यंत्र-उद्योगास परिचित आहे. येथे लाटलेल्या विशेष पोलादाच्या सळयांचा मोठा ग्राहक मोटार-उद्योग होय. परंतु सळई म्हणजे यंत्रभाग नव्हे. सळईतून नको असलेले पोलाद नेमके काढून टाकल्यावरच भाग सिद्ध होतो, आणि ते कोणत्या क्रमाने व कोणत्या वाटेने काढावयाचे हे आज बहुतांशी संगणकावर ठरते. ही वाट म्हणजेच कर्तकमार्ग. तो कसा तयार होतो आणि त्यात गणिताचा भाग किती व निर्णयाचा भाग किती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका साध्या उदाहरणाच्या आधारे केले आहे.

या विषयाचा इतिहास फार जुना नाही. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्राकार अचूक कापण्याच्या गरजेतून अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी अंकांच्या साह्याने यंत्र चालविण्याची कल्पना मांडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ साली अंकनियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक करून दाखविले. यंत्र अंक वाचू लागले, तरी ते अंक काढणे हे अतिशय कष्टाचे काम होते. ते संगणकावर सोपविण्यासाठी डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘एपीटी’ ही भाषा निर्माण झाली व १९५९ साली ती जाहीर करण्यात आली. आजच्या ‘कॅम’, म्हणजे संगणक-साहाय्यित निर्माणाच्या, आज्ञाप्रणाली याच परंपरेतील होत.

उदाहरणादाखल १०० × ६० × २० मिलिमीटर मापाचा मध्यम कर्बयुक्त पोलादाचा ठोकळा घेऊ. त्याच्या मध्यभागी ६० × ४० मिलिमीटरचा, ८ मिलिमीटर खोल खण कोरावयाचा आहे. खणाच्या चारही उभ्या कोपऱ्यांची त्रिज्या ६ मिलिमीटर आहे. ठोकळ्याचे वजन सुमारे ९४० ग्रॅम भरेल व त्यातील दीडशे ग्रॅमच्या आसपास पोलाद किसाच्या रूपाने निघून जाईल. या कामासाठी १० मिलिमीटर व्यासाची, चार दातांची कार्बाइड एंड मिल निवडली आहे.

प्रथम गतींचा विचार करावा लागतो. कर्तनवेग मिनिटास १२० मीटर धरल्यास स्पिंडलचे फेरे मिनिटास सुमारे ३,८२० येतात. प्रत्येक दाताने ०.०५ मिलिमीटर पुढे सरकावे असे ठरविल्यास सरकवेग, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘फीड’, मिनिटास ७६४ मिलिमीटर होतो. हे आकडे संगणक स्वतः ठरवीत नाही. ते पोलादाची जात, कर्तकाचा प्रकार व यंत्राची दृढता पाहून त्यास पुरवावे लागतात.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरेखनातील रेषा भागाची कडा दाखविते, तर यंत्रास मिळणारा मार्ग कर्तकाच्या अक्षाचा असतो. त्यामुळे संगणकाचे पहिले काम आकृतीची बाह्यरेषा कर्तकाच्या त्रिज्येइतकी आत सरकविण्याचे होय. ढोबळ कर्तनात अखेरच्या कापासाठी भिंतीवर ०.३ मिलिमीटर पोलाद राखावयाचे असल्यास ही सरक ५.३ मिलिमीटर होते. म्हणून अक्षाचा बाहेरचा मार्ग ४९.४ × २९.४ मिलिमीटरचा आयत ठरतो व त्याच्या कोपऱ्यांची त्रिज्या अवघी ०.७ मिलिमीटर उरते. त्याच्या आत ४-४ मिलिमीटर अंतरावर आणखी तीन आयत आखले की मधला सर्व भाग व्यापला जातो. हे अंतर वाटेल तेवढे वाढविता येत नाही. चौकोनी वळणावर ते कर्तकाच्या व्यासाच्या सुमारे ८५ टक्क्यांपलीकडे गेल्यास दोन वळणांमध्ये न कापलेला पोलादाचा बारीक खुंट शिल्लक राहतो.

आता कर्तकाने पोलादात प्रवेश कसा करावा? सरळ खाली घुसविल्यास एंड मिलच्या टोकावर अवाजवी भार येतो. म्हणून मळसूत्री प्रवेश योजतात. अक्षाचे वर्तुळ ५ मिलिमीटर व्यासाचे व उतार २ अंशांचा धरल्यास प्रत्येक फेऱ्यास सुमारे ०.५५ मिलिमीटर खोली मिळते. तळाशी ०.२ मिलिमीटर राखून ढोबळ कर्तन दोन थरांत केले, तर ३.९ मिलिमीटरच्या एका थरास सुमारे सात फेरे लागतात. त्यानंतर कर्तक आतून बाहेरच्या आयतांकडे सरकतो. स्पिंडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या दिशेने फिरत असल्यास खणाच्या आतील मार्ग घड्याळाच्या उलट दिशेने ठेवावा, म्हणजे ‘क्लाइंब मिलिंग’ साधते व कीस जाडसर सुरू होऊन पातळ होत संपतो.

एवढ्या विवेचनावरून काम संपले असे वाटण्याचा संभव आहे. परंतु खरी अडचण कोपऱ्यात दडलेली असते. अखेरच्या कापात सरळ भिंतीवर कर्तकाचा पोलादाशी येणारा संपर्ककोन सुमारे २० अंशांचा असतो. तोच कर्तक ६ मिलिमीटर त्रिज्येच्या कोपऱ्यात शिरताच हा कोन सुमारे ४९.५ अंशांवर जातो. राखलेले पोलाद तेवढेच असूनही संपर्क अडीचपट होतो. शिवाय कोपऱ्यात अक्षाचा मार्ग अवघ्या १ मिलिमीटर त्रिज्येचा असल्यामुळे अक्षाचा वेग कायम ठेवल्यास भिंतीवरील स्पर्शबिंदू सहापट वेगाने सरकतो, आणि दातांच्या खुणांमधील अंतर ०.०५ ऐवजी ०.३ मिलिमीटर होते. कोपऱ्यातील थरथर, खरबरीत पृष्ठ व कर्तकाचे अकाली झिजणे यांचे मूळ पुष्कळदा येथेच असते. स्पर्शबिंदूचा वेग कायम राखावयाचा तर अक्षाचा सरकवेग ७६४ वरून मिनिटास सुमारे १२७ मिलिमीटरपर्यंत उतरविला पाहिजे. अनेक आज्ञाप्रणालींत अशी सोय असते, परंतु ती निवडावी लागते.

कर्तक १२ मिलिमीटर व्यासाचा घेतला तर? मग अक्षाचा मार्ग कोपऱ्यात एका बिंदूवर येऊन काटकोनात वळतो, आणि कोपऱ्याचा संपूर्ण चाप एकदम दातांखाली येतो. उलटपक्षी, आरेखनातच कोपऱ्याची त्रिज्या ६ ऐवजी ८ मिलिमीटर ठेवली, तर संपर्ककोन सुमारे ३२.५ अंशांवर येतो व सरकवेग २८६ मिलिमीटरपर्यंत राखता येतो. भागाच्या कार्यात बाधा येत नसेल, तर आरेखनातील ही दोन मिलिमीटरची उदारता पुढे प्रत्येक भागामागे वेळ व कर्तक वाचविते. कर्तकमार्गाचा विचार यंत्रशाळेत नव्हे, तर आरेखनाच्या फलकावर सुरू होतो, तो या अर्थाने.

ढोबळ कर्तनातही हेच तत्त्व लागू पडते. सर्वांत आतल्या आयताची पहिली बाजू कापताना कर्तक पूर्ण खाचेत असतो व संपर्ककोन १८० अंशांचा होतो. यावर उपाय म्हणून नव्या आज्ञाप्रणाली संपर्ककोन स्थिर राखणारे वळणदार मार्ग आखतात. बाजूने केवळ १ मिलिमीटर घेतल्यास हा कोन सुमारे ३७ अंश राहतो. किसाची जाडीही घटत असल्याने प्रत्येक दाताची सरक ०.०५ वरून ०.०८३ मिलिमीटरपर्यंत वाढविता येते, आणि दृढ यंत्रावर खणाची जवळजवळ सर्व खोली एकाच थरात घेता येते. मार्ग लांबतो, पण भार सम राहतो.

यानंतर पोस्ट-प्रोसेसर हा मार्ग विशिष्ट यंत्राच्या आज्ञांत उतरवितो. सरळ चालीस जी-१, चापांस जी-२ व जी-३ या आज्ञा सर्वपरिचित आहेत. मुक्त वक्र मात्र पुष्कळदा लहान सरळ तुकड्यांत मोडावे लागतात. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वक्रात ०.०१ मिलिमीटर विचलन मान्य केल्यास प्रत्येक तुकडा सुमारे २ मिलिमीटरचा येतो.

अखेरीस पडताळणीचा प्रश्न उरतो. संगणकाच्या पडद्यावर खण बिनचूक कोरला गेलेला दिसतो, पण पडद्यावर तेवढेच दिसते जेवढे त्यास सांगितलेले असते. शेगड्याचा जबडा प्रतिकृतीत मांडला नसेल, तर त्यावरील आघातही दिसणार नाही. तसेच नेहमीची पडताळणी कर्तकास पूर्णतः ताठ मानते. प्रत्यक्षात कर्तक वाकतो, आणि हे वाकणे त्याच्या बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३० ऐवजी ४० मिलिमीटर लांबी बाहेर ठेवली तर ते सुमारे २.४ पट होते. म्हणून पहिला भाग शून्यबिंदू तपासून, प्रथम ठोकळ्याच्या वर हवेत चालवून व नंतर कमी सरकवेगाने कापून मोजण्याची शिस्त आजही आवश्यक आहे.

सारांश, कर्तकमार्गाची भूमिती संगणक निमिषार्धात सोडवितो. तथापि कोणते पोलाद, कोणता कर्तक, कोठून प्रवेश व कोपऱ्यात किती वेग, या प्रश्नांची उत्तरे अभियंत्यासच द्यावी लागतात. वरठीसारख्या ठिकाणी भट्टी, लाटणी व परीक्षण अशा अनेक टप्प्यांतून आलेले पोलाद अखेरच्या टप्प्यात एका अविचारी वळणामुळे भंगारात जाऊ नये, एवढी जाण विद्यार्थ्याच्या ठायी निर्माण झाली, तर या विषयाच्या अध्यापनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.