न बुडणारा गाळ

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातलं, परळी–लातूर रोड लोहमार्गावरचं गाव. या टापूत पाण्याची चर्चा टँकरपासून सुरू होते आणि टँकरपाशीच संपते. शेजारच्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. धरण आटत असताना तळाशी उरलेलं पाणी कसं असतं, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

पावसाळ्यात काळ्या रानातली माती पाण्याबरोबर वाहत येते. तुरटी टाकली की तिचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. तुरटी, निवळण, वाळूचा फिल्टर आणि शेवटी क्लोरीन ही आपल्याकडच्या नेहमीच्या जलशुद्धीकरण केंद्राची रचना अशा गाळासाठी उत्तम आहे. उन्हाळ्यात मामला बदलतो. साठा उथळ होतो, तापतो आणि शेतांतून आलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या अनेक जातींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यामुळे ते तळाशी जायलाच तयार नसतं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून उतरलेली ह्युमिक द्रव्यं तर पाण्यात विरघळलेली असतात. तुरटीने त्यांना धरलं तरी गठ्ठे हलके आणि भुसभुशीत होतात. ते निवळण टाकीतून पुढे सरकतात, वाळू चोंदवतात आणि फिल्टर वारंवार उलटा धुवावा लागतो. त्यातूनही निसटलेल्या सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकाने त्यांच्यावर मर्यादा घातली आहे.

जे बुडत नाही ते वर काढायचं, ही युक्ती गुऱ्हाळावर जुनीच आहे. उसाच्या तापत्या रसात रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. ‘डॅफ’, म्हणजे डिझॉल्व्ह्ड एअर फ्लोटेशन, हेच काम उष्णतेऐवजी हवेकडून करून घेतं. स्वच्छ झालेल्या पाण्यातला साधारण दहावा हिस्सा परत घेऊन बंद टाकीत चार ते सहा बार दाबाखाली त्यात हवा विरघळवतात. हे पाणी तुरटी दिलेल्या पाण्यात सोडलं की दाब एकदम उतरतो आणि 10 ते 100 मायक्रॉनचे असंख्य बुडबुडे सुटतात. ते गठ्ठ्यांना चिकटून त्यांना वर नेतात आणि वर जमलेली साय फिरत्या पट्ट्या ओढून काढतात. साध्या निवळण टाकीत दर चौरस मीटरमागे ताशी एक-दोन घनमीटर पाणी घेता येतं, तर डॅफमध्ये पाच ते पंधरा. म्हणजे जागा कमी लागते. पण तुरटीचा डोस चुकला तर बुडबुडे कितीही सोडले तरी उपयोग नाही, कारण विरघळलेलं द्रव्य आधी गठ्ठ्यात यावंच लागतं.

ही पद्धत 1920 च्या दशकात स्कँडिनेव्हियातल्या कागद कारखान्यांनी लगद्याचे तंतू वाचवण्यासाठी वापरली. पिण्याच्या पाण्यासाठी ती 1960 च्या दशकात आली. आपल्याला जवळचं उदाहरण नामिबियातल्या विंडहूकचं. पाऊस तुटपुंजा म्हणून हे शहर 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून पितं आणि 2002 च्या नव्या केंद्रातही डॅफ आहे.

मांजराकाठी हे यंत्र जसंच्या तसं बसणार नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातली जड माती बुडबुड्यांना पेलत नाही. पंप आणि कॉम्प्रेसर अखंड चालावे लागतात, वीज गेली की वरची साय खाली बसू लागते. निवळण टाकीला असला त्रास नाही. म्हणून ती पाडून डॅफ बांधण्यापेक्षा तिच्यापुढे, फिल्टरच्या आधी, डॅफची जोड देऊन ती शेवाळाच्या महिन्यांपुरती चालवणं शहाणपणाचं. आणि त्याआधी केंद्रावर गढूळपणाबरोबर शेवाळ आणि सेंद्रिय कार्बनही नियमित मोजायला हवेत. ती नोंद दोन-तीन उन्हाळे हाती आली की डॅफवर पैसे घालायचे की नाही, हे ठरवता येईल.