आकाश पांढरं पडलं तरी चालेल

सावलीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. तिकडे पांढऱ्या पाठीची गिधाडं आढळतात. उडतं प्रौढ गिधाड ओळखायची खूण म्हणजे पंखाखालचा, पुढच्या बाजूचा पांढरा भाग. पण कॅमेरा ऑटोवर असला की मीटर उजळ आकाश मोजतं, ते करडं करायला जातं आणि पक्ष्याची नुसती काळी आकृती उरते. म्हणजे नोंद वायाच!

म्हणून मॅन्युअल मोड घ्या. शटर १/२०००, एक्स्पोजर आकाशाच्या मीटरपेक्षा साधारण दीड स्टॉप जास्त. पक्षी आकाशातून झाडीसमोर आला तरी आकडे बदलू नका. मागचं दृश्य बदललं, त्याच्यावरचं ऊन तेच आहे. आकाश पांढरंफटक पडेल. पडू द्या, फोटो स्पर्धेला थोडाच पाठवायचाय? मात्र ती पांढरी खूण त्यात विरघळत नाही ना, हे स्क्रीनवर मोठं करून तिथेच तपासा.