नैराश्यातले चढउतार – शिक्षक आणि पालकांनी समजून घ्यावं असं काही



मागच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एका मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "सर, आमच्या ह्यांना डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलंय. गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात माणूस हसायला लागला, भाचीच्या लग्नात पंगतीत वाढत होते. आणि परवापासून परत अंथरूण धरलंय. गोळ्या लागू पडत नाहीत का? की नाटक करतात?" शेवटचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

नाटक नाही, एवढं मी तिथल्या तिथे सांगितलं. बाकीचं सविस्तर लिहून कळवतो म्हणालो, त्यातून हा लेख झाला. लिहिण्याचा माझा अधिकार डॉक्टरचा नाही, पेशंटचा आहे. गेली अकरा वर्षं मी या आजारासोबत राहतोय. तीन वेळा खाली गेलो, तीनही वेळा वर आलो. आमच्या शाळेत हे चार जणांना माहीत होतं, आता तुम्हालाही झालं.

नैराश्य कशाला म्हणायचं?

बदली झाली, मुलाला कमी मार्क पडले, घरात कुणी गेलं, तर वाईट वाटणारच. ते दुःख आहे, आजार नव्हे. डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा हिशेब लावतात. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, ही मुख्य खूण. तिच्या जोडीला झोप बिघडते, भूक जाते किंवा फार वाढते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, विनाकारण अपराधी वाटतं, काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. यातली बरीच लक्षणं एकत्र असतील आणि त्यामुळे रोजचं काम अडत असेल, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात.

आपल्याकडे मात्र "मी उदास आहे" असं म्हणत दवाखान्यात कुणी जात नाही. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात, अशीच तक्रार असते. मीही तीन महिने अशक्तपणासाठी सलाईन लावून घेत होतो. थायरॉईड, रक्तातलं लोह किंवा बी-१२ कमी झालं तरी असाच थकवा येतो, म्हणून त्या तपासण्या आधी करून घ्याव्यात. माझे रिपोर्ट सगळे नॉर्मल आले, आणि गंमत म्हणजे त्याचं मला वाईट वाटलं. दाखवायला काहीतरी कागद हवा होता.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (महाराष्ट्र त्यात नव्हता.) त्यात साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचं दिसलं. आणि नैराश्य असलेल्या दहापैकी आठांहून अधिक लोक उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. आपल्या केंद्रातल्या शिक्षकांची संख्या डोळ्यांसमोर आणा आणि तुम्हीच हिशेब करा.

रेषा सरळ का जात नाही?

मी गणित शिकवतो. आलेख काढायला सांगितला की मुलं पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडून मोकळी होतात, मधले बिंदू गेले कुठे ते बघत नाहीत. बरं होण्याबद्दल माझीही समजूत तशीच होती. आज गोळी सुरू केली, दोन महिन्यांनी बरा, मधे सरळ चढती रेषा. टायफॉईडमध्येसुद्धा ताप असा सरळ उतरत नाही, पण तेव्हा हे सुचलं नाही.

एका दिवसाचंच बघा. बऱ्याच पेशंटना सकाळ सगळ्यांत वाईट जाते. पहाटे तीन-चारला जाग येते, मग झोप नाही. सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत संपेपर्यंत उभं राहणं हे मला त्या दिवसांत डोंगर चढण्यासारखं होतं. तोच मी संध्याकाळी साडेपाच-सहाला बऱ्यापैकी माणसात यायचो, मुलीचा गृहपाठ घ्यायचो. साहजिकच घरचे म्हणायचे, "रात्री तर छान बोलत होतास, मग सकाळी काय झालं?" काहीच झालेलं नसायचं. आजाराचं दिवसाचं वेळापत्रकच तसं होतं. सगळ्यांचं असंच असतं असं मात्र नाही, काहींना संध्याकाळच जड जाते.

आता आठवड्यांचा हिशेब. नैराश्यावरच्या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत. फरक कळायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठ आठवडेही जातात. त्याउलट मळमळ, तोंड कोरडं पडणं, सुस्ती हे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे आधी त्रास, मग गुण. पुष्कळ लोक नेमके इथेच औषध सोडतात.

सगळं एकदम सुधारतही नाही. माझी आधी झोप आली, मग भूक, मग कामाची थोडी ताकद. मनातला काळोख सगळ्यांत शेवटी हलला. त्या मधल्या काळात माणूस बाहेरून बरा दिसतो आणि आतून तसाच असतो. घरच्यांनी गाफील राहू नये तो काळ हाच. विशेषतः किशोरवयीन आणि पंचविशीच्या आतल्या पेशंटकडे औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त लक्ष ठेवायला डॉक्टर सांगतात, ते उगाच नाही.

मॅडम, तुमच्या ह्यांच्या बाबतीत लग्नातली धावपळ, जागरणं आणि गोळ्यांच्या वेळा चुकणं हेही झालं असेल. माझं दर लग्नसराईत होतं.

आणि शेवटी वर्षांचा हिशेब. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी निदान निम्म्या लोकांना ते पुन्हा गाठतं. माझी दुसरी घसरण मी स्वतः ओढवून घेतली. छान वाटत होतं, त्यात एका मावसभावाने सांगितलं, "त्या गोळ्यांची सवय लागते रे." केल्या बंद, डॉक्टरांना न विचारता. तिसऱ्या दिवसापासून गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात शॉक बसल्यासारखं व्हायचं. मला वाटलं, बघा, सवय लागलीच होती. डॉक्टरांनी नंतर समजावलं की व्यसनात मात्रा वाढवत जावीशी वाटते, ओढ लागते. यात तसं काही नसतं. शरीराने एका रसायनाशी जुळवून घेतलेलं असतं, ते अचानक काढलं की ते बावचळतं. म्हणून गोळी बंद करायचीच तर हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, आणि आजार वारंवार येत असेल तर त्याहून बराच जास्त काळ. मी त्या शेवटच्या गटात आहे.

एक सूचना इथेच करतो. वर जाणं प्रत्येक वेळी चांगलंच असतं असं नाही. नैराश्याच्या आधी किंवा नंतर तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटणं, अखंड बोलणं, भरमसाट खरेदी, मोठमोठ्या योजना असं सलग काही दिवस दिसलं, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो बायपोलर हा वेगळा आजार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. पेशंट स्वतः सांगणार नाही, कारण ते दिवस त्याला सुखाचे वाटतात.

खाली असताना

हे लिहायला सगळ्यांत अवघड. दुसऱ्या वेळी माझ्या टेबलावर सातवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अठरा दिवस पडून होता. रोज वरचा पेपर उघडायचो, पहिलं उदाहरण वाचायचो, परत तेच वाचायचो, मिटवून ठेवायचो. आळसात माणसाला पडून राहण्याचं सुख तरी मिळतं. इथे पडून राहिलं तरी छळ आणि उठलं तरी छळ. वर "पगार कसला घेतोस" हे वाक्य डोक्यात चालूच. रडूही येत नव्हतं.

लोक भल्यासाठीच बोलतात. मन खंबीर कर, सकारात्मक विचार कर, तुला कशाची कमी आहे. शेवटच्या वाक्याने तर जखमेवर मीठ पडतं, कारण पेशंट स्वतःला दिवसभर तेच विचारत असतो.

माझ्या बायकोने यातलं काही म्हटलं नाही. ती म्हणायची, "चला, कोपऱ्यावरून दूध आणू." बस. एवढंच. पहिले चार-पाच दिवस मी नाही म्हणालो, तिने रोज विचारलं. एके दिवशी गेलो. पुढे समुपदेशकांनी सांगितलं की ही उपचाराचीच पद्धत आहे. एरवी आपल्याला आधी इच्छा होते, मग आपण काम करतो. नैराश्यात इच्छा संपावर असते, तिची वाट बघत बसलं तर महिने जातात. म्हणून आधी छोटी कृती करायची, इच्छा मागून येते. कृती खरोखर छोटी हवी. आंघोळ, दूध आणणं, दोन पेपर तपासणं. सगळा गठ्ठा नाही.

दुसरी मदत झाली ती विचार तपासण्याची. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, तुमच्यापैकी काहींनी त्यांची पुस्तकं वाचली असतील. समुपदेशकांनी माझ्याकडून वहीत दोन वाक्यं लिहून घेतली. "पेपर तपासून झाले नाहीत" आणि "मी नालायक शिक्षक आहे." मग विचारलं, पहिल्यावरून दुसरं सिद्ध होतं का? गणिताच्या शिक्षकाला हा प्रश्न बरोबर लागला. औदासीन्य तेवढ्याने गेलं नाही, पण स्वतःला मारणं कमी झालं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा २०१६ चा चित्रपट मिळाला तर जरूर बघा. त्या वर्षीचं सुवर्णकमळ त्याला मिळालं होतं. त्यातली बाई एका खचलेल्या तरुणाला खोदून खोदून न विचारता घरात जागा देते. मला त्यात आमच्या घरची दुधाची पिशवी दिसली.

वर्गातली मुलं

मुलांमध्ये नैराश्य नेहमी रडक्या चेहऱ्याने येत नाही. किशोरवयात ते बरेचदा चिडचिडीच्या रूपात येतं. गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा उलट उत्तरं द्यायला लागला. दर सोमवारी पोट दुखतं म्हणून गैरहजर, आवडता कबड्डीचा खेळही सोडला. मी त्याला वर्गात दोनदा झापलं. होय, मी, ज्याला हे सगळं स्वतःवरून माहीत होतं. तिसऱ्यांदा हजेरीपत्रक चाळताना सोमवार मोजले आणि थांबलो.

मधल्या सुट्टीत पोषण आहार झाल्यावर त्याला बाजूला बसवलं. "तुला त्रास होतोय असं मला वाटतंय. मला सांगितलंस तर मी रागावणार नाही," एवढंच बोललो. पहिल्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी बोलला. काय बोलला ते त्याचं आहे. पण "जगण्यात काही अर्थ वाटत नाही, असं येतं का मनात?" हे मी सरळ विचारलं. असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी भीती आपल्याला असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. मात्र उत्तर "हो" आलं तर गुपित राखण्याचं वचन देऊ नका आणि मुलाला एकटं सोडू नका. त्याच दिवशी पालकांना बोलवा. आम्ही बोलावलं, आणि मुख्याध्यापकांनी स्वतः त्यांच्यासोबत जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाण्याची तयारी दाखवली. मुलगा यंदा नववीत आहे, कबड्डीही खेळतो. काही सोमवार अजून चुकतात.

निदान करणं आपलं काम नाही, हे शिक्षकांनी पक्कं लक्षात ठेवावं. बदल टिपणं आणि पोहोचवणं एवढंच आपलं.

नोंद ठेवा

डॉक्टरांकडे आपल्याला दहा मिनिटं मिळतात आणि महिन्यात काय झालं ते आठवत नाही. म्हणून मी वहीत रोज दोनच आकडे लिहितो. किती तास झोप झाली, आणि दिवसाला दहापैकी किती गुण. त्यावरून एक वाईट दिवस कोणता आणि घसरण कोणती ते कळतं. दोन-चार दिवस खाली जाऊन रेषा परत आली तर तो चढउतार. दोन आठवडे खालीच राहिली तर डॉक्टरांची तारीख यायची वाट बघायची नाही, आधीच जायचं. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी.

शिवाय कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, बायकोच्या अक्षरात. माझ्या घसरणीच्या आधीच्या खुणा त्यावर आहेत. दाढी करत नाही. पेपर वाचत नाही. व्हॉट्सॲपला उत्तर देत नाही. भाजीला मीठ कमी-जास्त झालं तरी बोलत नाही. यातल्या तीन दिसल्या की तिने डॉक्टरांना फोन करायचा, मला विचारायचं नाही, असं आमचं बऱ्या दिवसांत ठरलंय. खाली गेल्यावर ठरवायची ताकद नसते.

रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाईन आहे, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. आणि कायद्याची भीती घालणारे भेटतात म्हणून सांगतो : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मॅडम, तुमच्यासाठी एवढंच. गोळ्या बंद करू नका, लग्नातल्या दिवसांत किती चुकल्या ते मोजा आणि उद्याच डॉक्टरांना फोन करा. आणि ह्यांना सकाळी उठवताना लग्नातल्या पंगतीची आठवण देऊ नका, निदान सकाळी तरी.

माझी तारीख येत्या शनिवारी आहे, सकाळची शाळा सुटल्यावर. वहीत या आठवड्याचे गुण पाच, सहा, सहा, तीन, पाच असे आहेत. तीनचा दिवस बुधवार होता. का होता ते मला माहीत नाही, पण गुरुवारी दूध आणायला मीच गेलो होतो.