घाण मातीला द्या, नदीला नको : गेडिससाहेबाचा इंदूरचा हिशेब

मंडळी, गावात बंदिस्त गटाराचं काम मंजूर झालं की आपण नारळ फोडतो. पण ते गटार शेवटी जाऊन पडतं कुठं, हे ग्रामसभेत किती जण विचारतात? पडतं ओढ्यात. आणि ओढा जातो खालच्या गावाच्या विहिरीवरून. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका स्कॉटिश माणसानं होळकरांच्या इंदूर दरबारापुढं ठेवला होता. त्याचं नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस इंजिनिअर नव्हता. १८५४ साली जन्मलेला हा माणूस डंडी इथं वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. झाड जसं माती, पाणी आणि उजेड पाहून वाढतं तसंच गाव वाढतं, हे त्याचं म्हणणं. एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत तो बायकोसह राहायला गेला. घरं सरसकट न पाडता दुरुस्त केली, मोकळ्या तुकड्यांत बागा लावल्या. या कामामुळं १९१४ साली मद्रासच्या गव्हर्नरांनी त्याला हिंदुस्थानात बोलावलं. त्याचं नगररचनेचं प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होतं, ते एम्डेन या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. गडी खचला नाही. पुन्हा नकाशे, चित्रं गोळा केली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलंच. पुढं १९१९ ते १९२४ तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा त्यानं केला, १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा केला, आणि १९३२ साली फ्रान्समध्ये वारला.

त्याची रीत साधी होती. आधी पायी हिंडायचं. गल्लीबोळ, विहिरी, पार, देवळं बघायची. मगच कागदाला हात लावायचा. त्या काळचे अधिकारी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता ओढायचे आणि मधे येतील ती घरं पाडायचे. गेडिस म्हणे, शस्त्रक्रिया करा पण राखून करा. एखादं पडकं घर काढलं, एक कोपरा मोकळा केला, तिथं झाड लावलं की हवा खेळते आणि माणसं बेघर होत नाहीत. खर्चही कमी. डासांच्या भीतीनं तळी बुजवायला निघालेल्यांना त्यानं सांगितलं, बुजवू नका, मासे आणि बदकं सोडा. आज आपले आरोग्यसेवक पाणवठ्यात गप्पी मासे सोडतात ते याच हिशेबानं.

आता इंदूर. तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी त्यानं १९१८ साली दोन खंडांचा अहवाल लिहिला. शहरात प्लेगची धास्ती होती, आणि सगळा मैला नळांतून वाहून न्यावा असा तेव्हाच्या जाणकारांचा आग्रह होता. गेडिसनं उलट मांडलं. सगळं गटाराला देण्यापेक्षा सगळं मातीला द्या. मैला आणि सांडपाणी बागांना, मळ्यांना जाऊ दे, म्हणजे नदी वाचेल आणि भाजीही पिकेल. शेतकऱ्याला हे काय नवीन? पण मोठ्या पगाराच्या इंजिनिअरांना ते पटवावं लागलं.

लोकांना पटवण्याची त्याची तऱ्हा मात्र भारी होती. त्याचे चरित्रकार सांगतात की दिवाळीला त्यानं मोठी मिरवणूक काढली, आणि जाहीर केलं की ज्या भागातली घरं नि रस्ते चांगले साफ होतील त्याच भागातून ती जाईल. मग काय, लोकांनीच झाडू घेतले! मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, उंदीर होते आणि फुलं मिळालेले सफाई कामगारही मानानं चालत होते. नुसती नोटीस चिकटवून हे झालं असतं का?

पुढं १९२४ मध्ये याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेती संशोधनाची संस्था उभारली. पालापाचोळा, शेण, मूत भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ तिथं बसली. त्यावरचं १९३१ चं पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिलं. आपल्याकडं पुसदच्या पांढरीपांडेकाकांची नाडेप टाकी ठाऊक आहेच, तीही याच वाटेवरची.

आणि आजचं इंदूर? फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथं रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. कचऱ्यापासून गॅस होतो, त्यावर शहर बस चालतात, आणि उरलेल्याचं खत होतं. पण घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा झाला तरच.

तेव्हा सरपंचसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, गटाराचं अंदाजपत्रक करण्याआधी एकदा गल्लीतून चालून बघा. ज्याच्या परड्यात जागा आहे त्याचं मोरीचं पाणी केळीला, अळूला किंवा शोषखड्ड्यात जिरतं. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडं वळवायचं. पहिला वर्षभर तरी बंद ठेवला की आतल्याचं खत होतं. ते ओलं असताना उकरू नका, आणि विहीर किंवा हातपंप जवळ असेल तिथं खड्डा घेऊ नका. जिथं दाटी आहे, परडं नाही, तिथं गटार लागेलच. मग त्याच्या शेवटी कुणाचं शेत आहे आणि पाणी गाळून, निवळून घ्यायला तो तयार आहे का, हे त्याच ग्रामसभेत विचारून घ्या.