घराबाहेरची एक रात्र : जुनी व्हॅन घ्यावी कशी, मुक्कामाला सजवावी कशी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी आम्ही पिंपरीहून लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी पाहायला गेलो होतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती पायथ्याच्या झाडाखालीच बसून राहिली. आम्ही वर जाऊन आलो, डबा खाल्ला आणि ऊन उतरते न उतरते तोच परतीच्या लोकलसाठी लगबग सुरू केली. तेव्हा आई म्हणाली, "आले तेही घाईत आणि निघाले तेही घाईत. एकदा मुक्कामाला आणा की रे. रात्रीचा डोंगर कसा दिसतो, ते लहानपणानंतर पाहिलंच नाही."

हे बोलणे मनाला लागून राहिले. कामगाराच्या घरात सुट्टी म्हणजे एक रविवार. त्यातला अर्धा दिवस जाण्यायेण्यात जातो. हॉटेलात राहायचे म्हटले तर पाच माणसांना दोन खोल्या लागतात. तंबूत झोपायचे म्हटले तर आईला जमिनीवरून उठता येत नाही. मग काय करायचे? आमच्या दाजींनी, म्हणजे बहिणीच्या यजमानांनी, तोडगा सुचवला. ते गॅरेजात काम करतात. म्हणाले, "भाऊ, जुनी व्हॅन घ्या. आत फळी टाकली की आईंना पलंग झाला."

आज आमच्याकडे अशी गाडी आहे. ती घेताना आणि सजवताना जे शिकलो, जी चूक केली, ते सर्व इथे लिहितो. कुणी या विचारात असेल तर त्याचे पैसे वाचतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरची माणसे सुरक्षित राहतील.

आधी स्वतःला विचारा

गाडी घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. वर्षातून किती वेळा मुक्कामाला जाणार? दोन-तीनदाच जाणार असाल तर गाडी विकत घेण्यापेक्षा परवान्याची गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडते. दारात उभी असलेली गाडीही पैसा खाते. विमा, टायर, बॅटरी, पीयूसी हे खर्च गाडी चालो न चालो येतातच. आमच्या घरी आठवड्याचा बाजार, आईचा दवाखाना आणि दाजींच्या घरची कामेही या गाडीवर होतात. म्हणून आम्हाला ती परवडली. केवळ हौसेपायी कर्ज काढू नका. मुलांच्या शिक्षणाच्या पैशाला तर हातही लावू नका.

कोणती गाडी?

आपल्या खिशात बसणाऱ्या व्हॅन म्हणजे मारुतीची ओम्नी आणि इको. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, सरकते दार, साधी बांधणी. कोणत्याही गावचा मिस्त्री ती दुरुस्त करतो. परंतु नव्या सुरक्षा नियमांमुळे २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन बंद झाले. आता बाजारात मिळते ती जुनीच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि आपल्या राज्यात हरित करही भरावा लागतो. हा हिशेब धरूनच ओम्नीची किंमत ठरवा.

इको २०१० मध्ये आली. इंजिन सुमारे १२०० सीसी, लांबी सुमारे १२ फूट, सरकती दारे दोन्ही बाजूंना. घाटात पाच माणसे आणि सामान घेऊन ती दमत नाही. आम्ही पाच आसनांची इको घेतली. हिची उणी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला एकही तारा मिळाला नव्हता. म्हणून शक्य तितकी नंतरच्या वर्षांतली, एअरबॅग असलेली गाडी पाहावी, आणि गाडी कोणतीही असो, वेग आवरावा. टाटा विंगर किंवा फोर्सची ट्रॅव्हलर यांत जागा भरपूर. पण त्यांची किंमत, देखभाल आणि वस्तीत उभी करायची अडचण आपल्याला झेपणारी नाही.

सीएनजीची गाडी इंधनाला स्वस्त. मात्र टाकी मागच्या जागेत असेल तर झोपण्याची लांबी तिथेच संपते. शिवाय त्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. टाकीवरच्या पट्टीची तारीख पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. आम्ही पेट्रोलची घेतली.

घेताना काय पाहावे?

दाजींनी पहिली अट घातली, "गाडी सकाळी, इंजिन गार असताना पाहायची." गरम इंजिन आपले दुखणे लपवते. सुरू केल्यावर निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळते. पांढरा धूर बराच वेळ थांबला नाही तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते.

मग मॅट उचला. खालच्या पत्र्याला गंज आहे का? सरकत्या दाराची पट्टी आणि रोलर नीट आहेत का? आम्ही पाहिलेल्या एका गाडीचा रंग नव्यासारखा होता, पण मॅटखाली बोट घातले तर आरपार गेले! टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर जुने झालेले असते.

कागदपत्रांत चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः जुळवून पाहा. दंडाची जुनी चलने थकली आहेत का, ते मोबाईलवर तपासता येते. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ लागतो. "नाव नंतर करू" असे कुणी म्हटले तर तिथूनच परत फिरा. अपघात झाला तर कागदावर ज्याचे नाव, त्यालाच कोर्टाची पायरी चढावी लागते.

कायद्याची मर्यादा

इथे अनेकजण फसतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. म्हणून सीट कायमच्या काढून टाकणे, छत कापून उंच करणे, पत्रा कापून खिडक्या बसवणे यांच्या वाटेला जाऊ नका. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला तेच निमित्त पुरते. आम्ही जे केले ते सारे सुटे आहे. पंधरा मिनिटांत आत बसते आणि पंधरा मिनिटांत बाहेर निघते. गाडी जशीच्या तशी राहते.

दुसरी गोष्ट. पांढऱ्या पाटीची गाडी शेजाऱ्यांना पैसे घेऊन देणे बेकायदा आहे. "पेट्रोल आणि वर पाचशे" हा मोह टाळा.

आतली मांडणी

आमच्या गाडीत मागची सीट पुढे दुमडली की पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत सहा फुटांना काही बोटे कमी लांबी आणि सुमारे चार फूट रुंदी मिळाली. तुमच्या गाडीचे माप तुम्ही स्वतः घ्या. आधी पुठ्ठा कापून आत ठेवा, कुणाला तरी त्यावर निजवा, मगच सुताराला बोलवा. आमच्या वस्तीतल्या सुतारकाकांनी तोच पुठ्ठा साचा म्हणून वापरला.

काकांनी १२ मिलिमीटरच्या प्लायच्या तीन फळ्या केल्या. आठ बाय चार फुटांचा असा पत्रा २० ते २२ किलो भरतो. १८ मिलिमीटरचा घेतला तर ३० किलोच्या वर जातो. मजबुती हवी म्हणून जाड प्लाय घेऊ नका, खाली आडव्या पट्ट्या मारा. फळ्यांखाली दोन पेट्या आहेत. एकीत भांडी, दुसरीत अंथरूण. पेट्यांची उंची दुमडलेल्या सीटइतकी ठेवली, म्हणून वरचा पलंग सपाट झाला. त्यावर चार इंची फोम, तोही तीन तुकड्यांत. आई पाय खाली सोडून बसते आणि कुणाचा हात न धरता उठते.

पेट्या पट्ट्यांनी घट्ट बांधाव्यात. जोराचा ब्रेक लागला की सुटी पेटी दगडासारखी पुढे येते. गाडीच्या तळाला भोके पाडू नका. खालून पेट्रोलची नळी आणि वायरी जातात. आणि हे पक्के लक्षात ठेवा, की गाडी चालत असताना पलंगावर कुणीही झोपायचे नाही. प्रवासात सीट उघडी, प्रत्येकजण बसलेला, प्रत्येकाला पट्टा. फळ्या मुक्कामावर पोचल्यावरच लावायच्या.

उजेड आणि वाऱ्यासाठी गाडीच्या बॅटरीवर डोळा ठेवू नका. सकाळी गाडीच सुरू होणार नाही. आम्ही ३५ अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी घेतली. बारा व्होल्टने गुणले की ४२० वॅट-अवर होतात. त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी लवकर मरते. तीन-तीन वॅटचे दोन दिवे आणि १५ वॅटचा पंखा मिळून २१ वॅट. आठ तासांना १६८. म्हणजे रात्र निभावते. बॅटरीजवळ फ्यूज मात्र हवाच. खिडक्यांना मच्छरदाणीचे कापड पत्नीने चुंबकाच्या पट्ट्या शिवून बसवले. दाराला बाहेरून ताडपत्री बांधली की मी आणि धाकटा तिथे झोपतो. आई, पत्नी आणि थोरली आत. या सगळ्याला मजुरीसह साधारण १८ हजार रुपये लागले.

ती रात्र

आता आमची चूक सांगतो. पहिलाच मुक्काम भंडारदऱ्याला, जूनच्या सुरुवातीला, काजवे पाहायला. काजव्यांनी झाडे लुकलुकत होती, आणि आई लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. मग अचानक पाऊस आला. आम्ही पाचही जण आत शिरलो, काचा चढवल्या, आणि मी शहाण्याने चहासाठी छोटी गॅस शेगडी आतच पेटवली. ऊबही बरी वाटली. चहा झाल्यावरही ज्योत बारीक करून ठेवली.

थोड्या वेळाने थोरली म्हणाली, "पप्पा, डोकं दुखतंय." धाकट्याला मळमळू लागले. मला वाटले, घाटाची वळणे बाधली. पण आई उठून बसली आणि म्हणाली, "अरे, दार उघड आधी! आमच्या गावी बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं झोपली ती उठलीच नाहीत." मी दार ओढले. पावसात भिजत सगळे बाहेर उभे राहिलो. हळूहळू मुलांना बरे वाटले.

बंद जागेत गॅस, कोळसा किंवा पेट्रोल जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपणेही तितकेच घातक.

त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम असा : गाडीत ज्योत नाही, काडी नाही, उदबत्तीही नाही. स्वयंपाक गाडीपासून दूर, उघड्यावर, आणि जिथे परवानगी असेल तिथेच. बहुतेक वेळा आम्ही भाकरी, ठेचा, पिठले घरूनच नेतो. झोपताना समोरासमोरच्या दोन काचा चार-चार बोटे उघड्या, वर जाळी.

मुक्काम कुठे?

उजेड असतानाच मुक्कामावर पोचा. जागा कुणाची तरी असते; विचारा, परवानगी घ्या, पैसे मागितले तर द्या. घरात माता-भगिनी असतील तर शौचालय आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर ती जागा कितीही सुंदर असो, आपली नव्हे. भंडारदरा, पवना, काशीद या बाजूंना स्थानिक लोकांनी चालवलेल्या जागा आहेत, तिथे पाणी आणि शौचालय मिळते. नदीपात्रात, धरणाच्या खालच्या अंगाला, दरडीखाली, एकट्या झाडाखाली गाडी लावू नका. पावसाळ्यात धरणाचे पाणी रात्रीही सोडतात. गोव्याला जाणार असाल तर तिथे पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केल्यास दंड होतो, हेही ध्यानात ठेवा. आणि आपला कचरा आपल्या पिशवीत घरी आणा.

आता दोन महिन्यांतून एकदा आम्ही निघतो. आईने रात्रीचा डोंगर पाहिला. मागच्या खेपेला ती पलंगावर पाय सोडून बसली होती, मांडीवर धाकट्याचे डोके. म्हणाली, "आता घाई नाही ना रे?" मी म्हणालो, "नाही आई, सकाळी सावकाश निघू." तिने वर हात करून काच उघडी आहे का ते चाचपून पाहिले, आणि मगच आडवी झाली.